पात्र कोण?

दिवाळीच्या चार दिवसांत आपणा सर्वांचाच हात थोडाबहुत सैल होतो. भाऊबीजेची ओवाळणी, मोलकरणीची साडी, पहाटे वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराच्या हातावर ठेवलेली नोट, दारी आलेल्या वासुदेवाला सूपभर धान्य, ह्या देण्यात विचार फारसा करावा लागत नाही. कोणाला द्यावयाचे हे नात्याने किंवा वहिवाटीने आधीच ठरवून टाकलेले असते. खरी पंचाईत होते ती द्यावयाचे आहे पण घेणारा ठरलेला नाही, अशा वेळी. आणि त्यातून पैसा जर आपला स्वतःचा नसेल, तर ती पंचाईत नैतिक होऊन बसते. परक्याच्या मालावर उदार होणाऱ्याची आपल्या भाषेने फार पूर्वीच थट्टा करून ठेवली आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावयाला काय लागते?

गेली काही वर्षे मी हे तुळशीपत्र ठेवण्याचे काम अगदी रीतसर, सहीशिक्क्यानिशी करीत आहे. नागपुरात आम्ही पाचसात माणसे वर्षातून दोनदा जमतो आणि विदर्भातून आलेले अर्ज वाचतो. कोणाला गावचा तलाव साफ करावयाचा असतो, कोणाला देवराई राखावयाची असते, कोणाला घुबडाविषयीची भीती शाळकरी मुलांच्या मनातून काढून टाकावयाची असते. मागणी लहान असते. पंचवीस-तीस हजारांपासून फार तर दोन लाखांपर्यंत. पैसा देणगीदारांचा. आम्हांला त्यातले काही मिळत नाही. चहा मिळतो आणि अधूनमधून तर्रीपोहे मिळतात. ‘ह्या अर्जाला द्यावे’ किंवा ‘देऊ नये’ एवढे दोन शब्द लिहिणे हे आमचे काम.

ही कल्पना आमची नव्हे. १९९२ साली, रिओ शहरी वसुंधरा परिषद भरली त्या वर्षी, जागतिक पर्यावरण निधीतून लहान अनुदानांची एक योजना सुरू झाली. ती पुढे शंभराहून अधिक देशांत पसरली. तिच्यातही अनुदानांना रकमेची मर्यादा आणि अर्ज निवडणाऱ्या राष्ट्रीय समितीत बहुसंख्य माणसे सरकारबाहेरची, बिनपगारी. निसर्ग राखण्याचे काम मोठ्या खात्यांनी आणि मोठ्या रकमांनी होते तसे ते गावच्या चार माणसांनी आणि लहान रकमांनीही होते, हा त्या योजनेमागचा विश्वास. विश्वास चांगला आहे. पण तो पाळावयाचा तर ती चार माणसे कोणती हे कोणीतरी ठरवावे लागते. आणि तेथेच माझ्यासारख्याच्या मनातला प्रश्न सुरू होतो.

मी जन्मभर शाळेत उत्तरपत्रिका तपासल्या. त्यामुळे आरंभी मला वाटले, हे काम आपल्या हातचे आहे. परंतु उत्तरपत्रिका आणि अर्ज ह्यांत एक मोठा भेद आहे. उत्तरपत्रिकेत मुलाने काय शिकले ते लिहिलेले असते. अर्जात माणूस पुढे काय करणार ते लिहिलेले असते. एकात झालेल्या गोष्टीचा पुरावा, दुसऱ्यात न झालेल्या गोष्टीचे वचन. वचनाला गुण कसे द्यावयाचे? आमच्या तक्त्यात त्यासाठी रकाने आहेत: उद्दिष्ट दहा, कार्यपद्धती वीस, अंदाजपत्रक वीस, ‘अर्जदाराची पात्रता’ तीस. ह्या शेवटच्या रकान्यापाशी माझी लेखणी नेहमी अडखळते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि सात्त्विक दानाला देश, काळ व पात्र ह्या तिहींचा विचार लावून दिला आहे. देश आणि काळ समजण्यासारखे आहेत. पात्र म्हणजे मात्र काय? आपल्या मराठीत हा शब्द मोठा संपन्न आहे. भांडे म्हणजे पात्र, नाटकातील माणूस म्हणजे पात्र, योग्य मनुष्य म्हणजे पात्र, आणि नदी ज्यातून वाहते तेही पात्रच. आम्ही समितीत बसतो तेव्हा ह्यांतला एकच अर्थ, योग्यतेचा, हातात धरून बसतो. बाकीच्या अर्थांना विचारले तर काय उत्तर येईल?

गेल्या एका बैठकीत शेवटपर्यंत दोन अर्ज उरले आणि पैसा एकापुरताच होता. पहिला अर्ज नागपुरातल्या दोन महाविद्यालयीन तरुणांचा. शहरातील तलावांवर हिवाळाभर येणाऱ्या पाणपक्ष्यांची दर आठवड्याला मोजणी करावयाची, तिची नोंद ठेवावयाची आणि ती सर्वांना खुली करावयाची. अर्ज टंकलिखित, नकाशे जोडलेले, अंदाजपत्रक पैशापैशापर्यंत बरोबर. दुसरा अर्ज भंडारा जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचा. वहीच्या आखीव कागदावर निळ्या शाईने लिहिलेला, तळाशी आठदहा सह्या आणि तीन अंगठे. मजकूर असा, की गावच्या तलावात बेशरम माजली आहे, जुने मासे राहिले नाहीत, ती उपटून तलावात पूर्वीच्या वनस्पती लावावयाच्या आहेत. ‘कार्यपद्धती’ ह्या रकान्यात एकच वाक्य होते: आम्ही सर्व मिळून करू.

हा दुसरा अर्ज समजण्यासाठी त्या मुलखाची थोडी ओळख हवी. पूर्व विदर्भ, म्हणजे भंडारा, गोंदिया आणि भोवतालचा झाडीपट्टीचा प्रदेश, हा तलावांचा देश आहे. गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कौशल्याने येथे दोनतीनशे वर्षांपूर्वीपासून तलाव बांधले गेले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी ह्यांनी बांधला असे लोक आजही सांगतात. माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’, ह्या नावाने ओळखले जाणारे असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. धान त्यांच्यावर पिकते, ढीवर समाज त्यांच्यावर जगतो, आणि महाराष्ट्रात जे थोडे सारस उरले आहेत तेही मुख्यतः ह्या तलावांच्या काठी आणि धानाच्या बांध्यांतच घरटी करतात.

१९५० साली, नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होते तेव्हा, मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला आणि १९५१ पासून हे तलाव सरकारच्या मालकीचे झाले. मालगुजार गेला ह्याचे कोणाला दुःख होऊ नये. त्याच्या अमलातला जुलूम ज्यांनी सोसला त्यांना तो कायदा दिवाळीसारखाच वाटला असेल. परंतु एक गोष्ट त्याबरोबर विस्कटली. पाळ फुटली तर कोणी माती टाकावयाची, गाळ कोणी काढावयाचा, पाणी केव्हा सोडावयाचे, ही कामे गावाच्या वहिवाटीत होती. मालक दूरचा झाला तेव्हा ती वहिवाट सैल पडली. तलाव सर्वांचा झाला आणि हळूहळू कोणाचाच राहिला नाही. गाळ साचला, काठावर अतिक्रमणे आली, बेशरम वाढली, आणि रोहू-कटल्याचे बीज सोडून मोठ्या माशांची शेती सुरू झाली तेव्हा मरळीसारख्या जुन्या माशांकडे लक्ष देण्याचे कारण उरले नाही. ह्या जिल्ह्यांतल्या ढीवर स्त्रीपुरुषांनी काही तलावांत बेशरम उपटून, पाणवनस्पती पुन्हा लावून, जुने मासे परत आणण्याचे काम केलेले आहे; म्हणजे अर्जात लिहिलेली गोष्ट स्वप्नातली नव्हती.

समितीत वाद झाला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्यात आहेत. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. ते म्हणाले, “हे पहा, पैसा आपला नाही. तक्ता सर्वांना सारखा लावला पाहिजे. ज्याने नीट लिहिले नाही त्याने नीट विचार केला नाही असेच मी धरणार. दया करावयाची तर स्वतःच्या खिशातून करा. दुसऱ्याच्या पैशाने दया करणे हा काही सद्गुण नव्हे.”

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, “साहेब, तक्ता सारखा आहे, पण तो ठेवलेले टेबलच एका बाजूला कललेले आहे. कार्यपद्धती म्हणजे काय हे आपल्या कॉलेजात शिकवतात, तलावावर शिकवीत नाहीत. आपण काम मोजतो आहोत की अर्ज लिहिण्याची कला?”

मला दोघांचेही म्हणणे खरे वाटत होते. साहेबांच्या बोलण्यात अनुदार असे काहीच नव्हते. परक्याच्या पैशाचा विश्वस्त जर मनाला वाटेल तसे देऊ लागला, तर आज तो गरिबाला देईल आणि उद्या भाच्याला. नियम हा विश्वस्ताच्या मोहाला घातलेला बांध असतो. उलट बाईंचे म्हणणे असे, की नियमाने मोह अडतो तसे सत्यही अडते. ज्याला लिहिता येते तो पात्र आणि ज्याला तलाव कळतो तो अपात्र, असे जर आमच्या गुणांच्या बेरजेतून निघत असेल, तर ती बेरीज शंभरदा बरोबर असूनही अन्यायाचीच आहे.

शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. ते म्हणाले, “लिहिता येत नसेल तर बोलता तरी येईल ना? विचारू या.” आम्ही संस्थेच्या सचिवांना दूरध्वनी लावला आणि बाईंनी विचारले, की बेशरम उपटून तुम्ही काय करणार? पलीकडचा माणूस म्हणाला, “पाळीवर टाकली त पुन्हा फुटते जी. एक कांडी चिखलात राहिली तरी रुजते. उन्हाळ्यात पाणी उतरलं का मुळासकट काढा लागते, दूर नेऊन वाळवा लागते. अन् अर्धा तलाव औंदा, अर्धा पुढच्या साली. एकदम केलं त मासा बसन कुठं?”

बाई माझ्याकडे पाहून हसल्या. बेशरमीच्या खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला की त्याला मुळे फुटतात, ही गोष्ट त्यांनी वर्गात कितीदा सांगितली असेल. पण अर्धा तलाव ह्या वर्षी आणि अर्धा पुढल्या वर्षी, हे शहाणपण कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. कार्यपद्धतीच्या रकान्यातले वीस गुण त्या माणसाजवळ होतेच. आमच्या कागदाला ते ओळखता आले नव्हते, एवढेच.

त्या मुलांनाही आम्ही तसेच विचारले. त्यांची उत्तरे चांगली होती. त्यांचे काम क्षुल्लक होते असे वाचकांनी कृपा करून समजू नये. जे मोजले जात नाही ते नाहीसे झाले तरी कळत नाही. आणि आपल्या शहराला आपल्या तलावांकडे पाहण्याची सवय फार थोडी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा अनेक नागपूरकरांना आपल्या शहराला नाव देणारी नदी प्रथमच आठवली. अशा शहरात दोन मुले दर रविवारी पहाटे उठून बदके मोजू म्हणतात, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणून निवड चांगल्या आणि वाईटातली नव्हती. ती तशी असती तर समितीची गरजच काय? दोन चांगल्या गोष्टींतून एकीला ‘नाही’ म्हणावयाचे असते, तेथेच माणसाच्या न्यायबुद्धीचा कस लागतो.

पैसे तलावाला दिले. सर्वांची संमती होईपर्यंत आम्ही उठलो नाही. मते मोजली नाहीत. ही रीत मी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाकडून घेतली. त्या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय करीत आली आहे. बहुमताला वेळ थोडा लागतो. सहमतीला लागतो, कारण हरलेल्याचे म्हणणे तीत बुडवून टाकता येत नाही. आमच्या सहमतीत साहेबांची एक अट आली, की पैसे दोन हप्त्यांत द्यावयाचे आणि दुसऱ्या हप्त्यापूर्वी कोणीतरी जाऊन तलाव पाहावयाचा. ती अट योग्यच होती. लहान संस्थेला एकदम मोठी रक्कम दिली, की काम राहते बाजूला आणि माणसामाणसांत हिशेबाची भांडणे लागतात. पात्र म्हणजे भांडे हा अर्थ येथे उपयोगी पडतो. भांड्यात मावेल तेवढेच ओतावे; ओतू गेलेले कोणाच्याच कामाचे नाही. अनुदान लहान असावे ह्याचे खरे कारण कंजूषपणा नसून हे आहे.

राहिली ती दोन मुले. अशा वेळी ‘कळविण्यास खेद वाटतो’ हे छापील वाक्य पाठवून मोकळे होण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. ज्याने आठ रात्री बसून अर्ज लिहिला त्याला निदान नकाराचे कारण मिळाले पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, आमचे औदार्य नव्हे. निर्णय करणारा पडद्याआड आणि ज्याच्याविषयी निर्णय तो उजेडात, अशी ही व्यवस्था आहे. पडद्याआड बसणाऱ्याने इतके तरी केलेच पाहिजे. आम्ही त्यांना दोन पाने लिहिली. अर्ज कोठे बळकट होता, पैसा का पुरला नाही, दुर्बिणी विकत घेण्याऐवजी कोणाकडून वापरावयास मिळतील, सारे लिहिले. पैसे नसले म्हणजे देण्यासारखे काही उरत नाही, असे थोडेच आहे?

ह्या कामात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, नागपूर कितीही वाढले तरी माणसामाणसांचे नाते फार दूरचे नसते. कोणाचा तरी जावई, कोणाचा तरी विद्यार्थी निघतोच. अशा वेळी मी निःपक्षपाती राहीन अशी ग्वाही देण्यापेक्षा उठून बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन बसणे अधिक प्रामाणिकपणाचे. स्वतःच्या निःपक्षपातावर ज्याचा फार विश्वास असतो त्यानेच प्रथम उठावे.

दुसरी गोष्ट अपयशाची. रोपे लावली आणि पावसाने दगा दिला, तर ती जळतात. असे झाले की पुढचे अनुदान बुडेल ह्या भीतीने माणसे शंभरातली ऐंशी जगली असे लिहू लागतात. त्या खोटेपणाला जबाबदार केवळ लिहिणारा नसतो; खरे ऐकण्याची तयारी नसलेला वाचणाराही असतो. कर्मावर अधिकार आणि फळावर नाही, ही शिकवण आपण मुलांना देतो, आणि अर्जात मात्र फळ आगाऊ लिहून मागतो. हिशेब चोख मागावा, त्यात एका पैशाची सूट देऊ नये. पण फळाविषयी मात्र माणसाला खरे बोलण्याची मुभा ठेवावी. जळलेल्या रोपांचा खरा अहवाल पुढच्या दहा गावांना उपयोगी पडतो. खोटा अहवाल कोणालाच नाही.

आता पुन्हा त्या शब्दाकडे येतो. नदीचे पात्र हे नदीच्या आधी तयार असते काय? कोणी आधी पात्र खणून ठेवले आणि मग पाणी त्यात शिरले, असे होत नाही. पाणी वाहते, वाहता वाहता वाट कोरते, आणि वर्षानुवर्षे वाहिले म्हणजे त्या वाटेला आपण पात्र म्हणतो. माणसाच्या पात्रतेचेही पुष्कळसे असेच आहे. ज्यांच्यावर आजवर कोणी विश्वास टाकलाच नाही, त्यांच्याजवळ विश्वासाचा पुरावा मागणे म्हणजे कोरड्या माळावर नदीचे पात्र शोधणे. थोडे पाणी आधी सोडावे लागते. त्याला काठ हवेत हे खरे. हप्ते, हिशेब, भेट हे ते काठ. पण काठ पाण्यासाठी असतात. पाणीच सोडावयाचे नसेल तर काठ बांधून काय करावयाचे?

आमच्या शेजारच्या पवनारला राहून विनोबांनी दानाचा जो अर्थ सांगितला तोही येथे आठवतो. दान म्हणजे सम्यक् विभागणी, असा अर्थ शंकराचार्यांनी केला आहे, ह्याकडे ते वारंवार लक्ष वेधीत. विभागणीत एक वर आणि एक खाली असे नसते; दोघेही वाटेकरीच असतात. त्या तलावाच्या कामात देणगीदारांनी काही हजार रुपये घातले. गावाने कंबरभर चिखलात उभे राहून कित्येक दिवसांचे श्रम घातले, आणि अर्धा तलाव राखून ठेवण्याचे शहाणपण घातले. ह्यात मोठा दाता कोण, हे सांगणे मला तरी कठीण वाटते. १९५१ नंतर जो तलाव कोणाचाच राहिला नव्हता, तो ज्यांनी पुन्हा आपला म्हटला त्यांनी खरे दान केले. आमचे पैसे हे त्या दानाला लागलेला हातभार.

म्हणून अर्ज वाचताना मी आता ‘अर्जदाराची पात्रता’ ह्या रकान्याशेजारी मनातल्या मनात आणखी एक रकाना आखतो, तपासणाऱ्याच्या पात्रतेचा. ज्याविषयी मी निर्णय देतो आहे ते मला कळते काय? न कळले तर विचारले काय? नकाराचे कारण सांगण्याचे धैर्य आहे काय? अपयशाची खरी बातमी आली तर ती मी नीट ऐकून घेईन काय? ह्या रकान्यात गुण भरणारे दुसरे कोणी नसते. स्वतःलाच भरावे लागतात. ह्या दिवाळीत तुम्हीही कोठे ना कोठे, कोणाला ना कोणाला काही द्याल. पैसा तुमचा असेल, सोसायटीचा असेल, मंडळाचा असेल. घेणारा पात्र आहे की नाही हे अवश्य पाहा. पण त्याआधी क्षणभर दुसरा रकानाही भरून पाहा. मला तो पहिल्यापेक्षा अवघड जातो.